क्रीगरला कुणी सांगितलं नाही

क्रीगरचा चेहरा आपल्याला दाखवतच नाहीत. ‘स्टार वॉर्स’च्या विश्वातल्या ‘अँडॉर’ मालिकेच्या पहिल्या पर्वात त्याचं फक्त नाव इतरांच्या तोंडी येतं. अँटो क्रीगर, बंडखोरांच्या एका टोळीचा म्होरक्या. स्पेलहाउस इथल्या साम्राज्याच्या वीजकेंद्रावर छापा घालायची त्याची तयारी चालू आहे. साम्राज्याच्या हेरखात्याला त्याचा सुगावा लागलाय आणि तिथं सापळा रचलाय. इकडे लुथन रेल, या विखुरलेल्या बंडामागचा सूत्रधार, राजधानीत दुर्मीळ जुन्या वस्तूंचं दुकान थाटून बसलेला. हेरखात्यात त्यानं लोनी नावाचा माणूस पेरलेला आहे. लोनी येऊन सांगतो की क्रीगर सापळ्यात चाललाय. एक निरोप गेला तर क्रीगर वाचेल, त्याची माणसं वाचतील. पण निरोप गेला की खात्यात कुणीतरी फुटलेलं आहे हे साम्राज्याला कळणार, आणि लोनी सापडणार.

लुथन निरोप पाठवत नाही.

सगळी टोळी मारली जाते. ते मरणही आपण बघत नाही. हेरखात्याच्या कचेरीत त्याची खबर येते, आणि तिथल्या एका अधिकारी बाईला राग येतो तो चौकशीसाठी एकही जण जिवंत ठेवला नाही याचा.

मालिकेचं पहिलं पर्व २०२२ साली आलं, दुसरं २०२५ साली. त्या गोष्टीचा शेवट असलेला ‘रोग वन’ हा चित्रपट त्याच्याही आधी, २०१६ साली येऊन गेला होता. म्हणजे यातला कोण कुठं आणि कसा मरणार हे बऱ्याच जणांना आधीपासून ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. तरी सगळं बघून झाल्यावर माझं मन त्या न पाठवलेल्या निरोपापाशी अडकलं ते अजून सुटलेलं नाही. माझ्या बहिणीचा मुलगा संभाजीनगरला शिकतो, त्यानंच मला ही मालिका बघायला लावली. तो लुथनच्या बाजूचा आहे, पक्का. “मावशी, लुथन नसता तर पुढचं काहीच झालं नसतं,” असं तो म्हणतो. खरं आहे. बंड उभं केलं ते लुथननं. पैसा त्यानं आणला, हत्यारं त्यानं पुरवली, एकमेकांची तोंडं न बघणाऱ्या टोळ्यांना एका दोरीत त्यानं ओवलं. तरीही बंडाच्या पुढाऱ्याला आधी एकच गोष्ट विचारावी असं मला वाटतं. ज्यांचा जीव तू पणाला लावलास, त्यांना ते माहीत होतं का?

आम्ही हदगाव तालुक्यातले. पैनगंगेच्या अलीकडे निजामाचा मुलूख होता, पलीकडे वऱ्हाड. १५ ऑगस्ट १९४७ ला पलीकडे स्वातंत्र्य आलं आणि अलीकडे आलं नाही. एकाच नदीच्या एका काठावर झेंडावंदन आणि दुसऱ्या काठावर झेंडा लावला म्हणून अटक. पुढं १७ सप्टेंबर १९४८ पर्यंतच्या त्या तेरा महिन्यांना, निजामाच्या बाजूनं उतरलेल्या सशस्त्र रजाकारांवरून, आमच्याकडे ‘रजाकारी’ म्हणतात. म्हाताऱ्या माणसांचं कालगणनेचं गणितच त्यावर चालायचं. अमका रजाकारीत जन्मला, तमकीचं लग्न अॅक्शनच्या, म्हणजे भारतीय फौज हैदराबाद संस्थानात शिरली त्या साली झालं.

माझी आजी त्या वेळी कडेवर लेकरू असलेली सून होती. तिचा धाकटा दीर नदी ओलांडून उमरखेडच्या कॅम्पवर गेला होता. हैदराबाद संस्थानाच्या सरहद्दीला लागून असे कॅम्प सगळीकडे उभे राहिले होते. स्टेट काँग्रेसच्या कृती समितीत दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ अशी माणसं होती, आणि कॅम्पवरची पोरं रात्री हद्दीत शिरून करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके जाळायची, पटवाऱ्यांची दप्तरं जाळायची, निजामाचा अंमल सरहद्दीवर टिकू द्यायची नाहीत. एका रात्री आमच्या गावाजवळचा नाका जळाला. जाळणाऱ्यांत आजीचा दीर होता. दुसऱ्या दिवशी रजाकार आले. आमचं घर, गोठा, बियाण्याची कणगी, सगळं गेलं. आजी लेकरू घेऊन तुरीच्या रानातून नदीकडे पळाली आणि पलीकडे गेली. माणसं वाचली, म्हणून आमच्या घरात हे निदान बोललं तरी जातं.

आजी हे सांगायची तेव्हा तिच्या बोलण्यात रजाकारांबद्दल चीड असायची, पण तिची बोच वेगळ्याच ठिकाणी होती. “वैनी, आज रातच्याला नाका जाळणार हाव, एवढं जरी म्हनला असता तर म्या लेकरू घिऊन आधीच निगाले असते.” आणि मग लगेच स्वतःच म्हणायची, “पर कसं सांगल? म्या निगाले असते तर गल्लीतल्या समद्या बाया निगाल्या असत्या. गाव रिकामं दिसलं असतं तर नाक्यावरचे हुशार झाले असते.”

लुथनचं गणित आजीला कुणी शिकवायची गरज नव्हती. ती त्या गणितात उणे बाजूला उभी राहिलेली बाई होती.

आता लुथनकडे. त्याच्यावर अन्याय करायचा नाही मला. क्रीगरला मरू द्यायचं ठरवून झाल्यावर लोनी त्याला विचारतो, तू स्वतः काय दिलंस? तेव्हा लुथन जे बोलतो ते अख्ख्या मालिकेतलं सगळ्यात गाजलेलं बोलणं आहे, माझ्या भाच्याला ते तोंडपाठ आहे. मनाची शांतता दिली, माया दिली, आपली म्हणावीत अशी माणसं दिली, शत्रूला हरवायला शत्रूचीच हत्यारं वापरता वापरता स्वतःला घालवून बसलो, आणि ज्या पहाटेसाठी हे सगळं, ती मला दिसणार नाही. ऐकताना अंगावर काटा येतो. दुसऱ्या पर्वात कळतं की हा माणूस मुळात साम्राज्याच्याच फौजेत होता, आपल्याच लोकांनी चालवलेली कत्तल कानांनी ऐकत थरथरत बसलेला. तिथं त्याला लपलेली एक लहान मुलगी सापडते, क्लेया. तिला घेऊन तो पळतो. त्याचं सगळं बंड तिथून सुरू होतं. त्याच्या त्यागाबद्दल शंका घ्यायला मला जागा दिसत नाही.

पण ते बोलणं पुन्हा ऐकताना एक गोष्ट लक्षात आली आणि मग ती डोक्यातून जाईना. काय काय दिलं याची एवढी मोठी यादी तो म्हणतो, आणि त्यात क्रीगर नाही. थोड्या वेळापूर्वीच ज्याला मरणाच्या तोंडी सोडलं त्याचं नाव नाही, त्याच्या माणसांचा उल्लेख नाही. सगळी यादी लुथनच्या स्वतःच्या जिवाची आहे. स्वतःचं सर्वस्व दिलेल्या माणसाला दुसऱ्याचं सर्वस्व देऊन टाकण्याचा हक्क आपोआप मिळतो असं त्यानं मनाशी धरलेलं आहे. मोठा त्याग केलेल्या पुढाऱ्यांच्या बाबतीत हा धोका मला सगळ्यात जास्त वाटतो. स्वार्थी पुढारी लोकांना ओळखू येतो. ज्यानं घरदार सोडलं, झोप सोडली, मुलंबाळं होऊ दिली नाहीत, त्याला ‘तू माझं का दिलंस’ असं विचारायला जीभ रेटत नाही.

अल्धानीच्या दरोड्याच्या वेळीही हेच दिसतं. साम्राज्याच्या एका अख्ख्या विभागाचा तिमाही पगार, आठ कोटी क्रेडिट, सात जण मिळून पळवतात. त्यातला नेमिक हा कोवळा, वही घेऊन सतत लिहीत बसणारा मुलगा त्या लुटलेल्या पैशाच्याच ओझ्याखाली चिरडला जातो. बातमी कळल्यावर लुथन आनंदानं हसतो, आणि बंडाला गुपचूप पैसा पुरवणारी, साम्राज्याच्या सभागृहातली मॉन मॉथमा हादरते, कारण तिला दिसतं की याचा सूड साम्राज्य साध्या माणसांवर उगवणार. लुथनला नेमकं तेच हवं आहे. लोकांचा गळा आवळला गेला की लोक उठतील. आणि तसं होतंही. नवे कायदे येतात, शिक्षा दुप्पट होतात, रस्त्यानं जाणाऱ्याला उचलून सहा-सहा वर्षं आत टाकतात. असा उचलला गेलेल्यांत खुद्द तो दरोडा घालणारा, मालिकेचा नायक कॅसियन अँडॉरही आहे.

हे बघताना नांदेड जिल्ह्यातल्या माणसाला उमरी आठवल्यावाचून राहत नाही. ३० जानेवारी १९४८. कापसाच्या व्यापाराचं, रेल्वेवरचं गाव, तिथली हैदराबाद स्टेट बँकेची शाखा. मुक्तिसंग्रामातल्या माणसांनी ती लुटली, लढ्याला पैसा हवा होता म्हणून. त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत गांधीजींना गोळ्या घातल्या. इकडे बंदुका घेऊन बँक लुटणारी ही माणसं स्वतःला गांधींच्याच काँग्रेसची म्हणवत होती. लुटीचे लाखो रुपये आणि ती बातमी त्यांच्या हाती एकाच सुमारास आली असेल तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. उमरीच्या पैशाबद्दल आमच्याकडे एक गोष्ट आवर्जून सांगतात, ती म्हणजे त्याचा हिशोब ठेवला गेला. दरोड्याचं शौर्य सांगताना आवाज चढतो आणि हिशोबाचं सांगताना मान ताठ होते. दुसऱ्याचं लुटून आणलेला पैसासुद्धा आपला नाही, तो कुठं गेला हे सांगावं लागेल, ही जाणीव ज्या लढ्यात होती त्या लढ्याबद्दल मला आदर आहे.

जळालेल्या गावांचा तसा हिशोब कुणी ठेवला? रजाकारांनी जाळली ती पापं रजाकारांचीच, त्यात शंका नाही. रजाकारांचा पुढारी कासिम रझवी आणि त्याच्या माणसांच्या खात्यावरचं दुसऱ्या कुणाच्या खात्यावर टाकायचा माझा हेतू नाही. लुथनसारखं ‘गळा आवळला जाऊ द्या, मग उठतील’ असं कृती समितीचं धोरण होतं असंही मी कुठं वाचलेलं नाही. पण नाका जळाल्यावर शेजारच्या गावाचं काय होणार हे जाळणाऱ्यांना कळत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. माझ्या आजीच्या दिराला कळत होतं.

मग दुसरा रस्ता कोणता होता? तोही आमच्याच मुलखात, आमच्याच माणसांनी आधी चालून बघितला होता. १९३८ साली स्टेट काँग्रेस नीट जन्मायच्या आधीच निजाम सरकारनं तिच्यावर बंदी घातली, आणि त्या ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. सत्याग्रहाची रीत अशी की दिवस सांगायचा, जागा सांगायची, कोण येणार ते सांगायचं, आणि मग जायचं. तुकडीमागून तुकडी जाते, पकडली जाते, आत बसते. पोलिसांपासून काही लपवायचं नाही, आणि म्हणूनच आपल्या माणसांपासूनही काही लपवावं लागत नाही. त्याच साली ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून उस्मानिया विद्यापीठातून आणि औरंगाबादच्या इंटरमीडिएट कॉलेजातून मुलांना काढून टाकलं, तेव्हा कितीतरी पोरं नागपूरला जाऊन शिकली. त्यांना माहीत होतं काय होणार ते. माफी मागितली तर परत घेतील हेही माहीत होतं.

स्वामी रामानंद तीर्थ हे या रीतीतून आलेले पुढारी. सिंदगीचे, मूळचे व्यंकटेश खेडगीकर. संन्यास घेतला, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग अंबाजोगाईला शिकवलं. १५ ऑगस्ट १९४७ ला हैदराबादेत तिरंगा फडकवून अटक करून घेतली, आणि मध्ये थोडे दिवस सुटका झाली ती सोडली तर पोलीस अॅक्शन होईपर्यंत ते तुरुंगातच होते. म्हणजे कॅम्पांचा, बंदुकांचा, उमरीचा तो सगळा काळ लढ्याचा सर्वोच्च नेता भिंतीआड, आणि बाहेरचा कारभार गोविंदभाईंसारख्यांच्या हाती. एक भगव्या कफनीतला, उघड, सरकारच्या डोळ्यांदेखत बसलेला. दुसरे डाव्या विचारांचे, संघटनेची बारीक वीण घालणारे, सरहद्दीपलीकडून काम करणारे. एकाच लढ्याची ही दोन तऱ्हेची नेतृत्वं, आणि दोन्हींवर लोकांनी विश्वास टाकला.

हा विश्वास कशातून आला असेल? मला वाटतं, ही सगळी मुळात मास्तर मंडळी होती यात त्याचं एक कारण आहे. स्वामीजी मुख्याध्यापक. गोविंदभाई शिक्षक. पुढं दैनिक ‘मराठवाडा’चे संपादक झालेले आणि या लढ्याचा इतिहास लिहिणारे अनंत भालेरावही आधी शिक्षक. लुथन दुकानदाराच्या वेशात लपला होता, तिथं समोरच्याला काय दाखवायचं आणि काय झाकायचं हेच काम. मास्तराचं काम समोरच्याला समजेपर्यंत सांगत राहण्याचं. यांच्या हाताखालून गेलेली पोरं कॅम्पवर आली ती हुकमानं आली नव्हती. माझ्या आजीचा दीरही त्यांतलाच. काय करतोय, त्यात काय होऊ शकतं, हे त्याला ठाऊक होतं आणि तो गेला. त्याचं त्याच्यापुरतं मला पूर्ण पटतं. अडतं ते आजीपाशी.

मालिकेत या प्रश्नाला सगळ्यात जवळून भिडणारा माणूस म्हणजे कीनो लॉय. तो बंडखोरही नाही. नार्किनाच्या तुरुंगात तो कैद्यांवरचा मुकादम आहे. सात मेजं, मेजामागं सात माणसं, आणि कीनोच्या हाताखाली काम वेळेत व्हायला हवं, नाहीतर खालच्या फरशीतून विजेचा झटका. आपली शिक्षा थोडी उरलीय, मुकाट काम करा म्हणजे सगळे सुटू, यावर त्याचा विश्वास आहे आणि तो इतरांनाही तेच सांगत असतो. मग कळतं की इथून कुणीच सुटत नाही. सुटलेला माणूस दुसऱ्या मजल्यावर परत आणून टाकतात. एका मजल्याला हे कळलं तेव्हा अख्खा मजला झटका देऊन मारून टाकला.

हे कळल्यावर कीनो काय करतो? लपवत नाही. आपल्या माणसांना सांगतो. उठाव होतो, तो आणि कॅसियन नियंत्रण कक्षापर्यंत पोचतात, आणि कॅसियन त्याला ध्वनिक्षेपकापुढं उभं करतो. सुरुवातीला कीनो अडखळतो. मग तो जे बोलतो त्यात आश्वासन काहीच नाही. आपण मेल्यातच जमा आहोत, पहारेकऱ्यांपेक्षा आपण फार जास्त आहोत, आणि बाहेर जायची ही एकच वेळ आहे, एवढं तो सुमारे पाच हजार माणसांना सांगतो. ऐकणाऱ्या प्रत्येकाला कीनोला जेवढं माहीत आहे तेवढंच माहीत होतं. फक्त एक गोष्ट त्यानं पोटात ठेवली, आणि ती त्याची एकट्याची होती. सगळे धावत तुरुंगाच्या कडेला येतात, खाली समुद्र. माणसं उड्या टाकतायत. कॅसियन त्याला म्हणतो चल, आणि तो सांगतो, मला पोहता येत नाही.

तुरुंग पाण्यात आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

लुथन आणि कीनो यांच्यातला फरक मला इथं लख्ख दिसतो. लुथन माहिती स्वतःपाशी ठेवतो आणि मरण दुसऱ्याकडे जातं. कीनोनं जे झाकून ठेवलं त्याची किंमत त्यानंच मोजली. आणि असा माणूस मोठ्या पुढाऱ्यांत मोजला जात नाही. दुसऱ्या पर्वात तो दिसतही नाही. ज्यांना त्यानं बाहेर काढलं त्यांतलेच दोघं पुढं ‘रोग वन’मधल्या शेवटच्या लढाईत, स्कारिफ ग्रहापर्यंत गेले.

मॉन मॉथमाबद्दल माझं मन अजून ठरत नाही. तिचं नेतृत्व उघड सभागृहातलं, कायद्याचं, सभ्य. बंडाला ती पैसा पुरवते, आणि त्या पैशात पडलेलं भगदाड झाकायला स्वतःच्या मुलीचं लग्न एका काळा पैसा सांभाळणाऱ्याच्या घरात जुळवते. मुलगी अजून लहान आहे. तिची ना नाही, उलट तिलाच त्या जुन्या चालीरीतींची ओढ आहे. पण हे लग्न कशासाठी होतंय हे तिला ठाऊक नाही. लग्नाच्या दिवशी मॉनला कळतं की तिचा बालमित्र, ज्यानं पैशाच्या कामी मदत केली होती, त्याचाही काटा लुथन काढणार आहे. तिच्या नजरेसमोर त्याला गाडीत बसवून नेतात. आणि ती मांडवात परत जाऊन नाचते, नाचतच राहते. आपल्याकडे लग्नघरात आईनं काय काय गिळून हसरं तोंड ठेवायचं असतं हे ज्यांनी बघितलंय, त्या बायकांना ते नाचणं बघवणार नाही. मला बघवलं नाही.

तरी घोरमन ग्रहावर साम्राज्यानं केलेल्या कत्तलीनंतर हीच बाई सभागृहात उभी राहते आणि जे झालं त्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारते, वंशसंहार. तिथून तिला परतीचा रस्ता उरत नाही. त्या भाषणात जीव धोक्यात गेला तो तिचा, आणि तिनं तो डोळे उघडे ठेवून घातला. मला ती मॉन आवडते. मुलीची आई असलेली मॉन मला समजते, पण मी तिला मोकळी सोडू शकत नाही.

सॉ गरेरा या दुसऱ्या एका जहाल टोळीच्या म्होरक्याबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. आपणच तेवढे शुद्ध, बाकीच्या सगळ्या टोळ्या भरकटलेल्या, असं मानणारे पुढारी प्रत्येक चळवळीत असतात. त्यांच्याभोवती शूर माणसं जमतात आणि संशयानं संपतात.

आमच्या लढ्यातली एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही, कारण १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाच्या भाषणांत ती कधीच येत नाही. पोलीस अॅक्शन १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झाली आणि १७ ला निजाम शरण आला. आजी नदी ओलांडून परत आली. तिच्या जळक्या घराच्या शेजारी तांबोळ्याचं घर होतं. रजाकारीत त्या घरानं आजीच्या सासूला दोन दिवस माळ्यावर लपवलं होतं. आजी परतली तेव्हा ते घर रिकामं होतं, आणि ती माणसं कुठं गेली हे गावात कुणी तिला धड सांगितलं नाही. अॅक्शननंतर मराठवाड्यात आणि आसपास मुसलमानांच्या कत्तली झाल्या. त्याची चौकशी करायला पंडित सुंदरलाल यांची समिती आली होती. मेलेल्यांचा तिचा अंदाज २७ ते ४० हजारांचा. तो अहवाल कित्येक दशकं बाहेर येऊ दिला नाही. रजाकारांशी काही देणंघेणं नसलेली, तांबोळ्यासारखी माणसं त्यात होती. आणि हैदराबादनं भारतात सामील व्हावं असं ‘इमरोज’ या उर्दू दैनिकात लिहिणाऱ्या शोएबुल्ला खान या तरुण संपादकाला ऑगस्ट १९४८ मध्ये रजाकारी विचाराच्या मारेकऱ्यांनी ठार केलं होतं, त्याचा हात तोडला होता, हे तर महिन्याभरापूर्वीचंच. त्याला आपण हुतात्मा म्हणतो. तांबोळ्याच्या घराला काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही. जिंकलेल्या बाजूच्या पुढाऱ्यांनी बँकेच्या पैशाचा हिशोब ठेवला तसा याही माणसांचा ठेवायला हवा होता असं मला मनापासून वाटतं. वेळ अजून गेलेली नाही. नावं माहीत असलेली शेवटची काही माणसं अजून गावोगाव आहेत.

आजीचा दीर अॅक्शननंतर परत आला. पुढं त्याला स्वातंत्र्यसैनिकाचं निवृत्तिवेतन मिळालं, शाळेच्या कार्यक्रमात पुढच्या खुर्चीवर बसायचा. पण आजी सांगायची ते त्याच्या परत येण्याच्या दिवसाचं. तो आल्या आल्या तिच्यापाशी बसला आणि म्हणाला, “वैनी, घर जाईल हे मला ठाऊक व्हतं. सांगू शकलो न्हाई.” आजी त्याच्याशी पुष्कळ दिवस बोलली नाही. चुलीपुढं ताट वाढून ठेवायची आणि उठून जायची. तरी ही गोष्ट सांगताना त्याचं ते वाक्य तिनं कधी गाळलं नाही. त्यानं माफी मागितली असं ती म्हणायची नाही. “सांगितलं त्यानं,” एवढंच म्हणायची.

लुथननं हे कुणापाशी केलं नाही, कारण ज्यांच्यापाशी करायचं ते उरलेच नव्हते. तेवढ्यापुरता तो आजीच्या दिरापेक्षा दुर्दैवी.

भाच्याचा शेवटचा मुद्दा असा आहे, आणि तो खोडून काढता येण्यासारखा नाही. क्रीगरला मरू दिलं म्हणून लोनी वाचला. लोनी वाचला म्हणून काही वर्षांनी साम्राज्याच्या त्या महाभयंकर शस्त्राची, अख्खा ग्रह फोडणाऱ्या डेथ स्टारची, पहिली कुणकुण त्याच्याकडून लुथनला लागली. लुथनकडून ती क्लेयाला, क्लेयाकडून कॅसियनला. तिथून त्या शस्त्राचे नकाशे चोरायला स्कारिफ. म्हणजे क्रीगर मेला नसता तर कदाचित सगळेच मेले असते. बरोबर आहे. ही खबर दिल्यावर लोनी आपल्या बायकोमुलीसाठी आसरा मागतो, आणि लुथन त्याला तिथंच गोळी घालतो, हेही त्याच हिशोबातलं. आपल्यापर्यंत माग निघू नये म्हणून. नंतर लुथन पकडला जायच्या बेतात स्वतःच्या छातीत सुरी खुपसतो आणि तरी मरत नाही, तेव्हा इस्पितळात शिरून त्याचा श्वास बंद करायचं काम क्लेयाला करावं लागतं. त्यानं वाढवलेल्या मुलीला. तिला मात्र काय करायचंय आणि का, हे पुरतं माहीत होतं. त्यानं आयुष्यात जिला सगळं सांगितलं अशी ती बहुधा एकटीच.

स्कारिफला जी माणसं गेली त्यांना बंडखोरांच्या आघाडीतल्या मोठ्या पुढाऱ्यांनी जाऊ नका म्हणून सांगितलं होतं. बैठकीत एकमत झालंच नाही. मग कॅसियन काही जणांना घेऊन येतो. बंडाच्या नावाखाली नको नको ती कामं केलेली ही माणसं, हेर, मारेकरी, घातपाती. कुणी त्यांना पाठवलं नाही. परतायची आशा फार थोडी आहे हे विमानात बसतानाच त्यांना दिसत होतं. एकही परत आला नाही.

भाचा म्हणतो, मावशी, ती माणसं घडवली लुथननंच. मी त्याला म्हटलं, घडवली असतील, पण त्या विमानात ती स्वतःच्या पायानं चढली, आणि चढायच्या आधी त्यांना सगळं सांगितलेलं होतं. यावर तो म्हणाला की सांगायला तोवर वेळ होता, क्रीगरच्या वेळी नव्हता. आमचं भांडण तिथंच आहे. दिवाळीला तो गावी येईल तेव्हा पुन्हा होईल.